गाणं फास्ट पाहिजे का ओळखीचं? टेम्पो अन् सवयीबद्दल लोक नेहमी विचारतेत ते प्रश्न

लातूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात लग्नाचा, मिरवणुकीचा, दुकानाच्या उद्घाटनाचा साउंड करता करता लोक जे विचारत राहतेत ते इथं एका जागी लिहून ठेवलंय. काही उत्तरं संशोधनातली हायेत अन् काही मिक्सरच्या मागं उभं राहून कळालेली, कोणतं कुठलं ते त्या त्या ठिकाणी सांगितलंय. सगळं वाचत बसायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा.

टेम्पो म्हणजे नेमकं काय?

एका मिनिटात किती ठोके पडतेत तो आकडा, त्यालाच बीपीएम म्हणतेत. ६० बीपीएम म्हणजे सेकंदाला एक ठोका, १२० म्हणजे सेकंदाला दोन. आपल्याकडं विलंबित (संथ), मध्य अन् द्रुत (वेगाची) लय म्हणतेत ती हीच गोष्ट, फक्त तिथं आकडा सांगत नाहीत, तबलेवाल्याला हातानं दाखवतेत. एक घोळ मात्र सगळेच करतेत, आवाज वाढवला किंवा बेस ठोकला की "आता कसं फास्ट झालं" म्हणतेत. फास्ट काही झालेलं नसतंय, शेजारच्या गल्लीतली म्हातारी माणसं तेवढी उठून बसलेली असतेत.

लोकांना फास्ट गाणंच आवडतं ना पण?

नाचताना हाव. नुस्तं ऐकताना मात्र तसं नाही.

माणसाच्या अंगात एक आपला आपला वेग असतोय. आत्ता टेबलावर बोटानं ठोके द्या, कुठलंही गाणं डोक्यात न आणता, हाताला सुखाचं वाटंल तसे. पॉल फ्रेस नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं यावर लई वर्षं काम केलं अन् दोन ठोक्यांमधलं अंतर बहुतेकांचं ६०० मिलिसेकंदाच्या आसपास येतंय असं सांगितलं, म्हणजे मिनिटाला साधारण १००. त्यात आपण सरळ रस्त्यानं चालताना सेकंदाला दोनच्या जवळपास पावलं टाकतो, म्हणजे १२० च्या अलीकडं-पलीकडं. म्हणून १०० ते १२० मधलं गाणं लागलं की पाय आपोआप हलायलाच लागतेत, त्याला नाचता येणारा माणूस लागत नाही. पैठणहून नाथांची पालखी निघती त्यात टाळ कसा पडतोय ते एकदा नीट ऐका, चालायच्या टप्प्यात पाऊल अन् टाळ बरोबर जातेत, अन् मुक्कामाला जागेवर उभं राहून गजर चालू झाला की तोच टाळ दुप्पट पळायला लागतोय कारण आता चालायचं नसतंय, उड्या मारायच्या असतेत.

वयाचाही फरक पडतोय. अमेरिकेत डेव्हिन मॅकॉली अन् त्यांच्या सोबतच्यांनी २००६ साली लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना असे ठोके द्यायला लावले तर लहान लेकरं भराभर ठोकतेत अन् वय वाढंल तसा हात निवांत होत जातोय असं निघालं. त्याआधी अल्बर्ट लेब्लांक यांनी शाळेतल्या पोरांना वेगवेगळ्या टेम्पोचं संगीत ऐकवून विचारलं होतं तर त्यांचा कल फास्टकडंच होता. त्यामुळं हळदीला पोरं "फास्ट लाव फास्ट लाव" म्हणून बोंबलतेत अन् मंडपात खुर्च्यांवर बसलेले मामा-काका तोंड वाकडं करतेत, तर दोघंही आपापल्या जागी बरोबर हायेत, ऑपरेटर मधी मरतोय.

ओळखीचं गाणं जास्त का आवडतं? नवीन गाणं चांगलं असलं तरी?

रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ साली एक पेपर लिहिला, तिथून हा विषय चालू होतोय. त्यांनी लोकांना अर्थ नसलेले शब्द अन् चिनी लिपीसारखी अक्षरं दाखवली, काही एकदाच, काही पाच-दहा वेळा, काही २५ वेळा. जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त चांगलं वाटलं. त्या अक्षरात काय लिहिलंय हे कुणालाच माहीत नव्हतं, नुस्तं पुन्हा पुन्हा नजरेखालून गेलं एवढंच. गाण्याचंही असंच होतंय. नवीन गाणं म्हणजे पहिल्यांदा सासुरवाडीला आलेला जावई, मान देतेत, खाऊ घालतेत पण मोकळं कुणी बोलत नाही, चार चकरा झाल्या की मग तोच घरातला होतोय.

पण गाण्यात नुस्त्या सवयीपेक्षा आणखी एक गोष्ट हाय, ती म्हणजे पुढं काय येणार ते माहीत असणं. मंगलाष्टकाचं बघा. शब्द दर लग्नात वेगळे असतेत, नवरीच्या मावशीनं रात्री बसून जुळवलेले, त्यात दोन्हीकडच्या आजोबांची नावं कोंबलेली, वृत्ताची पार वाट लागलेली. तरी एकही माणूस "हे काय नवीन" म्हणत नाही कारण चाल पाठ हाय. मागच्या रांगेत सोयाबीनच्या भावावर बोलत बसलेला माणूस, त्याचं अर्धं ध्यान पण तिकडं नसतंय, अन् तरी गुरुजींचा सूर "शुभमंगल" वर चढला की त्याच्या मुठीतली रंगीत ज्वारी "सावधान" संपायच्या आधीच वर उचलली जाती. अन् शेवटच्या अक्षदा पडल्या की बँडवाला एकदम सुटतोय. त्या एका सेकंदात अंगावर काटा येतोय का नाही सांगा, शंभर लग्नं बघितलेल्या माणसालाही येतोय.

मेंदूत काय होतंय तेही बघून झालंय. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सालिमपूर अन् रॉबर्ट झाटोरे यांच्या टीमनं २०११ साली लोकांना त्यांचीच आवडती, अंगावर शहारा आणणारी गाणी ऐकवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. डोपामिन, म्हणजे मेंदूतलं सुखाचं रसायन, सुटतंय हे तर दिसलंच, पण मजा अशी की शहारा यायच्या आधी, नुस्ती वाट बघण्यातच मेंदूच्या एका भागात ते सुटायला लागतंय अन् प्रत्यक्ष शहाऱ्याच्या वेळी दुसऱ्या भागात. आता नवीन गाण्यात वाट कशाची बघणार? पुढं काय येतंय तेच माहीत नाही.

मग तेच तेच गाणं ऐकून डोकं का उठतं? गणपतीत दहा दिवस मंडळानं एकच गाणं वाजवलं.

कारण हे वाढत वाढतच जात नाही. डॅनियल बर्लाइन यांनी १९७० च्या आसपास यावर मांडणी केली, ग्राफ काढला तर उलट्या यू सारखा दिसतोय. आधी अनोळखी, मग हळूहळू गोडी, मग टोक, अन् तिथून घसरगुंडी. साधं, सोपं, एकाच ओळीवर फिरणारं गाणं टोकाला लवकर पोचतंय अन् लवकर खाली येतंय, गुंतागुंतीचं गाणं हळू चढतंय पण टिकतंय.

ग्लेन शेलेनबर्ग यांच्या २००८ च्या प्रयोगात आणखी एक बारकावा सापडला. गाणं दुसरं काम करता करता नुस्तं कानावर पडत असलं तर आवड वाढतच गेली, पण मन लावून ऐकायला लावलं तर आधी वाढली अन् जास्त झाल्यावर कमी झाली. माझं मत असं की मंडळाच्या शेजाऱ्याला तिसरा पर्याय भोगावा लागतोय, तो मन लावून ऐकत नसतोय अन् ते बंदही करता येत नसतंय. त्यावर कुठलाही ग्राफ नको, रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद हा नियम पाळला तरी पुष्कळ.

परण्यात (नवरदेवाच्या मिरवणुकीत) नवीन गाणं लावलं की नाचणारी पोरं बाजूला होतेत. काय करावं?

हा प्रश्न दर सीझनला येतोय अन् विचारणारे बहुतेक नवीन ऑपरेटर असतेत. परण्या निघाला, नवरदेव घोड्यावर, मारुतीच्या देवळापर्यंत जायचंय, पोरं रंगात आलीत अन् तुम्ही काल रिलीज झालेलं गाणं टाकलं की वर्तुळ मोडतंय. गाणं वाईट नसतंय. पोरांना माहीतच नसतंय की हात कधी वर करायचा, खाली कधी बसायचं, ड्रॉप, म्हणजे ठेका एकदम जोरात सुटतोय ती जागा, कुठं येतीय.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, ओळख पटायला वेळ लागतच नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१९ साली डोळ्याच्या बाहुल्या अन् मेंदूच्या लहरी मोजून बघितल्या तर ओळखीचं गाणं अन् अनोळखी गाणं यातला फरक १०० ते ३०० मिलिसेकंदात दिसायला लागला. म्हणजे अर्धा सेकंद पण नाही. तुम्ही प्ले दाबून मोबाईल खिशात घालायच्या आत पब्लिकचा निकाल लागलेला असतोय.

म्हणून नवीन गाणं एकटं सोडू नका. आधी एक सगळ्यांना पाठ असलेलं, त्याच्या शेवटच्या कडव्याखाली नवीन गाण्याचा नुस्ता ठेका हळूच चालू करा, टेम्पो दोन्हीचा जवळपास सारखा पाहिजे, पाच-सहा बीपीएमच्या वर फरक नको, म्हणजे पाय थांबत नाहीत अन् डोक्याला कळायच्या आत नवीन गाणं चालू झालेलं असतंय. नवीनचं फक्त धृपद अन् एक कडवं वाजवा अन् लगेच परत ओळखीच्यावर या. संध्याकाळी वरातीला तेच नवीन गाणं पुन्हा लावा. सकाळी बाजूला झालेली पोरं संध्याकाळी "भैय्या ते सकाळचं लाव की" म्हणत येतेत.

माझ्या अनुभवात टेम्पो अन् ओळख यांचं भांडण लागलं तर पहिल्या दहा-वीस सेकंदात ओळखच जिंकती. ओळखीचं ९५ चं गाणं अनोळखी १३० च्या गाण्यापेक्षा जास्त नाचवतंय. पण एकदा घामाघूम झाली पोरं, अंग गरम झालं की मग टेम्पोचं राज्य, त्यावेळी संबळ-हलगीचा नुस्ता ठेका दिला, गाणं नसलं तरी चालतंय.

गाण्याचा स्पीड थोडा वाढवला तर लोकांना कळतं का?

थोडा वाढवला तर नाही, जास्त वाढवला तर लगेच. डॅनियल लेव्हिटिन अन् पेरी कुक यांनी १९९६ साली साध्या माणसांना, गायकांना नाही, त्यांच्या आवडीचं गाणं रेकॉर्ड न लावता आठवून म्हणायला सांगितलं. ७२ टक्के वेळा लोकांनी म्हटलेला वेग मूळ रेकॉर्डच्या ८ टक्क्यांच्या आतबाहेर होता. म्हणजे गाण्याच्या शब्दासोबत त्याचा वेगही माणसाच्या डोक्यात कोरलेला असतोय. मी चार-पाच टक्क्यांच्या पुढं जात नाही.

अन् की लॉक, म्हणजे वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटन, चालू ठेवा. तो बंद असंल तर स्पीडसोबत सूरही वर चढतोय, ६ टक्के वाढवलं की जवळपास एक अख्खा सूर-पट्टीचा टप्पा, सफेद एक मधलं गाणं काळी एकला जातंय अन् गायकाचा आवाज चिमणीचा होतोय. रीलवर पोरं मुद्दाम तसं करतेत, काही गाणी पळवतेत, काही स्लो करून त्यावर रिव्हर्ब (आवाज घुमवायचा इफेक्ट) ओततेत. ते का आवडतंय तर माझ्या मते त्यात दोन्ही गोष्टी एकदम मिळतेत, गाणं ओळखीचं अन् वेग नवीन. पण मूळ गाणं माहीत नसलेल्याला ते स्लो रिव्हर्ब ऐकवून बघा, कॅसेटमध्ये टेप अडकली का विचारंल.

माझं कापडाचं दुकान हाय, दिवाळीच्या सीझनला कसली गाणी लावू?

रोनाल्ड मिलिमन यांचा १९८२ चा अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधला प्रयोग या विषयात सगळे सांगतेत. स्लो संगीत लावलं तर गिऱ्हाईक हळू फिरलं अन् विक्री फास्टच्या मानानं ३८ टक्के जास्त झाली. मग १९८६ ला त्यांनीच हॉटेलात केलं, स्लो संगीतात लोक सरासरी ५६ मिनिटं बसले अन् फास्टमध्ये ४५.

आता हा आकडा धरून उद्या ३८ टक्के वाढ मागू नका. तिथं बिनाशब्दाचं बॅकग्राउंड संगीत होतं, ट्रॉली ढकलत एकटं फिरणारं गिऱ्हाईक होतं. आपल्याकडं साडीच्या दुकानात गादीवर पाच बाया अन् एक कंटाळलेला नवरा असतोय, त्यांचा वेग गाण्यावर नाही, काउंटरवरचा पोऱ्या किती घड्या उलगडतोय त्यावर ठरतोय. तरी दिशा खरी हाय. दुपारी गर्दी कमी असती तेव्हा संथ लावा, बसू द्या. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसती तेव्हा जरा वेगाचं लावा, गिऱ्हाईक हलतं राहतंय. मेसवाल्यांनी तर जेवणाच्या टायमाला संथ गाणं लावूच नये, बाहेर रांग असती.

अन् एक गंमत. रिचर्ड याल्च अन् एरिक स्पँगेनबर्ग यांना २००० साली असं दिसलं की ओळखीचं संगीत चालू असताना लोकांना आपण जास्त वेळ दुकानात होतो असं वाटलं, पण खरंतर जास्त वेळ ते अनोळखी संगीतात थांबले होते. त्यामुळं सगळीच हिट गाणी लावायचा हट्ट सोडा, कुणी ऐकलेली नाहीत अशी बासरी-संतूरही मधी मधी चालू द्या.

शास्त्रीय गाणं ऐकलं की झोप का येते?

कारण ठोकाच सापडत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर दीड-दोन सेकंदांच्या पुढं गेलं की माणसाला ते ठोके म्हणून जोडता येत नाहीत, सुटे सुटे आवाज वाटतेत. अन् अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) कधी कधी मिनिटभर चालतंय, म्हणजे एक मात्रा पाच-पाच सेकंदांची. जाणकार मधले तबल्याचे बोल धरून आतल्या आत मोजत असतोय, त्याला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कधी येणार ते कळतंय, आली की मान हलती. आपल्याला मोजता येत नाही म्हणून वाट बघता येत नाही, अन् वाट नाही तर मजा नाही, वर मंगलाष्टकाचं सांगितलं तेच.

वेरूळ-अजिंठा महोत्सवात किंवा अंबडला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवात कधी गेलात तर गायकाकडं नाही, पब्लिककडं बघा. विलंबित चालू असताना निम्मे लोक मोबाईलमध्ये, अन् द्रुत तीनताल लागला की तेच लोक मांडीवर हात मारतेत. सोपा उपाय सांगतो, एकच राग धरा, त्याची एकच बंदिश आधी नुस्ती द्रुतमध्ये आठवडाभर कानावर पडू द्या, चाल डोक्यात बसली की मग विलंबित ऐका. जाणकारांना हे उलटं वाटंल, वाटू द्या.

आमच्या आबांना जुनीच गाणी लागतेत. नवीन गाण्याला नावं ठेवतेत.

त्यांचं वय विसाच्या आसपास होतं तेव्हा काय वाजत होतं ते विचारा. मॉरिस हॉलब्रूक अन् रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ साली वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली गाणी ऐकवली तर आपण साधारण साडेतेवीस वर्षांचे असताना जी गाजली ती सगळ्यात जास्त आवडतेत असं निघालं. आबांची पिढी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकत वाढली, १९५२ पासून तो कार्यक्रम चालू होता, अन् तेव्हा गाणं आठवड्यातून एकदा लागायचं, त्याची वाट बघावी लागायची. तुमची आज पाठ असलेली रीलची गाणी तीस वर्षांनी तुमच्या नातवाला अशीच बोअर होणार हायेत.

पोलीस भरतीची तयारी करायलोय, १६०० मीटरला गाणी लावून पळू का?

सरावाला लावा. कोस्टास कारागेओर्गिस हे या विषयातले मोठे नाव, व्यायामासाठी साधारण १२० ते १४० बीपीएमचा पट्टा ते सांगतेत, त्याच्या वर नेऊन जास्त फायदा दिसत नाही. हलक्या-मध्यम मेहनतीत थकवा कमी जाणवतोय, पण जीव तोडून पळताना गाण्याचा असर कमी पडत जातोय, तिथं छातीचाच आवाज ऐकू येतोय. गाणं तुमच्या ओळखीचंच घ्या, ग्राउंडवर नवीन शोधत बसू नका. अन् आठवड्यातून एक-दोनदा बिनागाण्याचं पळा, कारण मैदानी चाचणीला कानात काही नसणार हाय. रस्त्यावर पळत असाल तर एक कान मोकळा ठेवा, पहाटे उसाचे ट्रॅक्टर बिनालाइटचे असतेत.

नीटचा अभ्यास करताना गाणी चालतील का दादा?

शब्द असलेली नको, वाचताना अडथळाच होतोय. बिनाशब्दाचं, संथ अन् आधी ऐकलेलं चालंल. गणितं सोडवताना थोडी सूट.

एखादं गाणं दिवसभर डोक्यात फिरत राहतं, का?

डरहम विद्यापीठाच्या केली जाकुबोव्स्की यांनी २०१७ साली बघितलं तर अशी गाणी बहुतेक जरा वेगाची, सोप्या ओळखीच्या वळणाची असतेत, अन् मधीच एखादी अनपेक्षित उडी असती. उपाय म्हणून गाणं एकदा शेवटपर्यंत ऐकून टाका. जाहिरातवाल्यांना हे सगळं कुणी न सांगता माहीत हाय.

परगावच्या, परदेशातल्या माणसाला आपलं संगीत कळतं का? ओळख तर नसती.

लॉरा-ली बॉल्कविल अन् विल्यम थॉम्पसन यांनी १९९९ साली हिंदुस्थानी राग कधी न ऐकलेल्या लोकांना राग ऐकवले. आनंदी कोणता, दुःखी कोणता, रागावलेला कोणता हे त्यांना बऱ्यापैकी ओळखता आलं, शांत भाव मात्र नीट पकडता आला नाही. ओळखायला आधार काय होता तर मोठा भाग टेम्पोचाच, वेग असलं तर आनंद अन् संथ असलं तर दुःख. म्हणजे भाव कळायला वेग पुरतोय. आवडायला मात्र परत परत ऐकावंच लागतंय. नांदेडला गुरुद्वाऱ्यात कीर्तन ऐकलेला किंवा खुलताबादच्या उरुसात कव्वाली ऐकलेला आपला मराठी माणूस हेच सांगंल, शब्द अर्धे कळत नाहीत पण कव्वाल टाळीचा वेग वाढवायला लागला की बसलेला माणूस आपोआप पुढं सरकतोय.

गाण्याचा बीपीएम मोजायचा कसा? ॲप नाही माझ्याकडं.

मोबाईलमधलं स्टॉपवॉच लावा, पायानं ठेका धरा, १५ सेकंदात किती वेळा पाय पडला ते मोजा अन् चारनं गुणा. २५ वेळा पडला तर १००. घोळ एकाच ठिकाणी होतोय, एकाच गाण्याला कुणी ७० म्हणंल कुणी १४०, दोघंही बरोबर असतेत, एकानं दर ठोका मोजला अन् दुसऱ्यानं एक सोडून एक. नाचायच्या गाण्यांची यादी करत असाल तर पाय जिथं पडतोय तोच आकडा लिहा, सॉफ्टवेअर काय दाखवतंय ते नका लिहू, हलगीच्या गाण्यांना ते हमखास दुप्पट नाहीतर निम्मं दाखवतंय.